सगळ्यात धाकटा साक्षीदार

९ फेब्रुवारी १९५६. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ हा लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. खेळ साधा होता. पाहुण्याने आपलं गुपित सूत्रधाराला सांगायचं आणि समोर बसलेल्या चौघांनी प्रश्न विचारविचारून ते हुडकून काढायचं. त्या रात्रीचे पाहुणे होते मेरिलँडचे सॅम्युएल सीमोर, वय ९५. कार्यक्रमासाठी आले आणि हॉटेलात पडले. डोळ्यावर भलंमोठं टेंगूळ आलं होतं, पण म्हातारबुवा घरी जायला तयार नव्हते. त्यांचं गुपित असं होतं, की १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात अब्राहम लिंकन यांना गोळी घातली गेली, तेव्हा ते प्रेक्षकांत होते.

जेन मेडोज या अभिनेत्रीने शेवटी बरोबर ओळखलं. तरी सूत्रधार गॅरी मूर यांनी बक्षिसाचे ८० डॉलर दिलेच. कार्यक्रमाची प्रायोजक सिगारेट कंपनी होती. पण पाहुणे पाइप ओढणारे, म्हणून त्यांना पाइपच्या तंबाखूचा डबा मिळाला. पुढे दोनच महिन्यांनी, १२ एप्रिलला सीमोर वारले.

त्यांनी पाहिलं तरी काय होतं? त्या रात्री ते पाच वर्षांचे होते. राष्ट्राध्यक्षांना गोळी लागली हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की वरच्या सज्जातून एक माणूस धाडकन खाली पडला. त्याला लागलं असेल, त्याला कोणीतरी मदत करा, अशी काळजी त्या पोराला लागली. पडलेला तो माणूस म्हणजे जॉन विल्क्स बूथ, लिंकनचा मारेकरी. लिंकनहत्येचा शेवटचा साक्षीदार त्या रात्री हळहळला होता तो मारेकऱ्यासाठी!

यात नवल काही नाही. कुठल्याही घटनेचा शेवटचा साक्षीदार कोण ठरणार, हे बहुतेक वेळा त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. जो सगळ्यात धाकटा, तो. ज्यांना समज होती, ज्यांनी निर्णय घेतले, ज्यांना कोणी काय केलं हे नावानिशी सांगता आलं असतं, ते आधी जातात. उरतो तो कडेवरचा नाहीतर पाळण्यातला. नेमक्या त्याच्यासमोर मग पत्रकार वही उघडून बसतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पण विचारणारे विचारत राहतात आणि म्हातारी माणसंही त्यांचं मन मोडत नाहीत.

टायटॅनिकवरून वाचलेल्या शेवटच्या मिलविना डीन यांची सारी कीर्ती अशीच उभी राहिली. १५ एप्रिल १९१२ ला जहाज बुडालं, तेव्हा त्या जेमतेम दोन महिन्यांच्या होत्या. जहाजावरच्या सगळ्यांत लहान प्रवासी त्याच. वडील बर्ट्रम डीन कुटुंब घेऊन अमेरिकेत कॅन्ससला निघाले होते. तिथे तंबाखूचं दुकान काढायचा बेत होता. त्यांची तिकिटं खरं तर दुसऱ्या जहाजाची, पण कोळशाचा संप झाला आणि त्यांना टायटॅनिकच्या तिसऱ्या वर्गात जागा मिळाली. हिमनगाचा धक्का बसताच वडिलांनी बायको आणि दोन्ही मुलांना वर डेकवर धाडलं. ते तिघे वाचले. वडील गेले ते गेलेच.

आई पोरांना घेऊन ‘ॲड्रिअॅटिक’ जहाजाने इंग्लंडला परतली. त्या सफरीत या तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायला पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या बायकांची झुंबड उडाली. इतकी, की एका अधिकाऱ्याने नियम काढला: प्रत्येकीने बाळ फार तर दहा मिनिटं घ्यायचं, मग पुढचीला द्यायचं. ‘डेली मिरर’ने ही बातमी छापली. प्रसिद्धीची सुरुवात झाली ती इथेच, पण त्यानंतर सत्तरेक वर्षं कोणी फिरकलं नाही. आपण त्या जहाजावर होतो हे मिलविनांना स्वतःलाच आठव्या वर्षी कळलं, आई दुसरं लग्न करायला निघाली तेव्हा. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सरकारसाठी नकाशे काढले, मग साउदॅम्प्टनच्या एका इंजिनीअरिंग कंपनीत नोकरी केली. लग्न केलं नाही. १९८५ साली समुद्राच्या तळाशी टायटॅनिकचे अवशेष सापडले आणि सत्तरी ओलांडलेल्या या बाईंना जगभरातून बोलावणी येऊ लागली. त्या जायच्या, सह्या करायच्या, थट्टामस्करी करायच्या. आपल्याला काही आठवत नाही हे त्या मोकळेपणाने सांगत. १९९७ चा तो गाजलेला सिनेमा मात्र त्यांनी पाहिला नाही. आधीचा एक सिनेमा पाहून त्यांना वडिलांची वाईट स्वप्नं पडली होती.

आठवणाऱ्या बाई दुसऱ्याच होत्या. लिलियन ॲस्प्लंड यांचं वय तेव्हा पाच वर्षांचं. वडील आणि तीन भाऊ डोळ्यांदेखत मागे राहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या ९९ वर्षांच्या होऊन २००६ साली वारल्या. आयुष्यभर त्यांनी मुलाखतीच्या बहुतेक सगळ्या विनंत्या परतवून लावल्या. मग उरल्या दोघी. त्यातल्या बार्बरा वेस्ट दहा महिन्यांच्या असताना वाचलेल्या. त्यांनी तर आपल्या अंत्यविधीआधी मृत्यूची बातमीच बाहेर जाऊ द्यायची नाही, अशी तजवीज करून ठेवली होती. म्हणजे जिला आठवत होतं तिने तोंड उघडलं नाही, आणि जिला काहीच आठवत नव्हतं तिला जगभर बोलावं लागलं. नव्वदी उलटल्यावर शुश्रूषागृहाचा खर्च भागेना, तेव्हा मिलविनांनी न्यूयॉर्कच्या लोकांनी १९१२ साली आईला कपडे भरून दिलेली सुटकेस लिलावात काढली. ही बातमी फुटल्यावर त्या न पाहिलेल्या सिनेमाचे दिग्दर्शक आणि नायक-नायिका यांनी त्यांच्या मदतनिधीला पैसे दिले. ३१ मे २००९ रोजी त्या गेल्या.

या ‘शेवटच्या’पणाला बाजारात भाव आहे, हे एकदा कळलं की दावेदारही उभे राहतात. अमेरिकन यादवी युद्धातले शेवटचे सैनिक म्हणून टेक्ससचे वॉल्टर विल्यम्स गाजले. १९५९ च्या डिसेंबरमध्ये ते वारले, तेव्हा त्यांचं वय ११७ सांगितलं जात होतं. एका पत्रकाराने त्याआधीच जुनी जनगणना उघडून पाहिली होती. १८६० साली हे गृहस्थ पाच वर्षांचे भरले! युद्ध संपलं तेव्हा फार तर दहाचे. तरी त्यांना सन्मानाने निरोप मिळाला. हा गौरव मोडायला कोणी धजावलं नाही.

उलटही घडतं. खरा शेवटचा माणूस कोणाच्या खिजगणतीतच नसतो. क्लोटिल्डा नावाच्या जहाजाची गोष्ट यासाठी मुळातून पाहावी अशी आहे. आफ्रिकेतून गुलाम आणायला अमेरिकेत १८०८ पासून बंदी होती. तरीही १८६० च्या जुलैमध्ये अलाबामा राज्यातल्या मोबील बंदराजवळ हे जहाज सुमारे ११० आफ्रिकी माणसं घेऊन चोरून आलं. पुरावा राहू नये म्हणून माणसं उतरवून जहाज पेटवून देण्यात आलं. पाच वर्षांनी गुलामगिरी गेली, पण ही माणसं परत जाणार कशी? त्यांनी मोबीलजवळच आफ्रिकाटाउन नावाची वस्ती उभी केली. तिथले कोसोला, अमेरिकन नाव कजो लुइस, हे अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांपैकी शेवटचे, असं कित्येक दशकं पुस्तकांत छापलं जात होतं. आले तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते, म्हणजे गावावरचा हल्ला, विक्री, समुद्र, सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९२७ साली त्यांची पहिली भेट घेतली. पुढे त्यांच्या तोंडची हकिकत तिने त्यांच्याच बोलीत लिहून काढली. प्रकाशकाला बोली नको होती, लेखिका बदलायला तयार नव्हती. कोसोला १९३५ साली वारले. पुस्तक आलं २०१८ मध्ये.

आणि ते आलं न आलं तोच कळलं, की शेवटचे ते नव्हतेच. ब्रिटिश अभ्यासक हॅना डर्किन यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की त्याच जहाजातून आलेली रेदोशी नावाची बाई कोसोलांनंतरही हयात होती. वर्षभराने त्याच डर्किनना आणखी एक नाव सापडलं: मटिल्डा मॅक्रिअर. ती आली तेव्हा दोन वर्षांची होती आणि १९४० च्या जानेवारीत, अलाबामातल्याच सेल्मा गावात वारली. म्हणजे इथेही तोच हिशेब, धाकटी ती शेवटची. पण मटिल्डाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सत्तरी ओलांडल्यावर, १९३१ साली, कच्च्या रस्त्याने पंधरा मैल चालत त्या सेल्माच्या कचेरीत गेल्या आणि आपल्याला पळवून आणल्याबद्दल भरपाई मागितली. न्यायाधीशाने दावा काढून टाकला. गावच्या पेपरात त्यांची मुलाखत आली. त्या मुलाखतीनेच नव्वद वर्षांनी त्यांना इतिहासात जागा दिली. कोसोला पुरुष होते, वस्तीचे म्होरके होते, त्यांच्याकडे लेखक यायचे. या दोघी शेतमजूर बायका. ‘शेवटचा कोण’ या प्रश्नाच्या पोटात ‘विचारायला कोण गेलं होतं’ हा प्रश्न असतो.

आपल्याकडे हा प्रश्न एका अभ्यासकाने वेळेवर विचारला. रायगडातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. इंग्रज आत शिरल्यानंतरची कत्तल त्यांनी पाहिली. ते लढणारे नव्हते, दरबारी नव्हते. एक गरीब भिक्षुक, पण पुरता कर्ता माणूस. काय जेवलो, किती दक्षिणा मिळाली, कुठे लुबाडलो गेलो, हे त्यांच्या ध्यानात होतं. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून पंचवीसेक वर्षांनी त्यांनी ते लिहून काढलं. सरकारचा रोष नको म्हणून छपाई लांबली. ‘माझा प्रवास’ बाहेर पडलं ते १९०७ साली. गोडसे भटजी १८५७ च्या पिढीतले शेवटचे खचित नव्हते. तशी गरजही नव्हती. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला वेळेत गाठलं, तर शंभरीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत युरोपने हा शेवटच्या माणसाचा खेळ फार गंभीरपणे खेळला. फ्रान्सने शेवटच्या सैनिकाला राष्ट्रीय अंत्यसंस्कार द्यायचं आधीच जाहीर करून टाकलं. ती पाळी आली लाझार पोंतिचेल्ली यांच्यावर. जन्माने इटालियन, लहानपणी पोटासाठी पॅरिसला आलेले, वय चोरून फ्रेंच परकीय पलटणीत भरती झालेले. त्यांनी आधी साफ नकार दिला. आपल्या आधी जे मेले त्यांना असा मान मिळाला नाही, मग मला कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी साधा विधी, आणि तोही सगळ्या मृतांच्या नावाने, या अटीवर ते राजी झाले. मार्च २००८ मध्ये ते गेले. त्याच वर्षी १ जानेवारीला जर्मनीचे शेवटचे सैनिक एरिख केस्टनर वारले. तिथे असल्या सैनिकांची यादीच ठेवलेली नव्हती, त्यामुळे देशाला त्याचा पत्ता काही आठवड्यांनी लागला.

इंग्लंडात हॅरी पॅच हे खंदकात लढलेले शेवटचे. यांना सगळं आठवत होतं, पण ऐंशी वर्षं त्यांनी घरातही अवाक्षर काढलं नाही. शंभरी गाठल्यावर बीबीसीवाले आले आणि मग ते बोलले. २००९ साली, १११ व्या वर्षी ते गेले. सगळ्या देशांच्या, सगळ्या दलांच्या मिळून शेवटच्या ठरल्या त्या फ्लॉरेन्स ग्रीन. युद्ध संपायच्या दोनेक महिने आधी त्या विमानदलाच्या भोजनगृहात वाढपी म्हणून लागल्या होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये, ११० व्या वर्षी त्या वारल्या. २०१० पर्यंत त्यांचं नाव कुठेच नव्हतं, कारण सरकारी कागदात त्या माहेरच्या नावाने होत्या.

त्याच युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. आजच्या इराकमधल्या कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान परत आले नाहीत. तिथे त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. या पलटणींतला शेवटचा माणूस गेला, तेव्हा दिल्लीत कोणी झेंडा उतरवला नाही.

नंतरच्या स्वातंत्र्यलढ्याची गोष्ट थोडी बरी आहे. इंग्रजी सत्तेला आव्हान देणाऱ्या साताऱ्याच्या प्रतिसरकारची काही माणसं शंभरीच्या आसपास जगली आणि पी. साईनाथ यांच्यासारखा पत्रकार त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील त्यांतल्या एक. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एक भांडण झालं. दारुडा नवरा बायकोला मारतोय, दगड उचलून डोक्यात घालायला निघालाय, बाई ओरडतेय. पोलीस सोडवायला धावले. तेवढ्यात मागून साथीदारांनी चौकीतल्या बंदुका लांबवल्या. नवरा खोटा होता, बायको म्हणजे सतरा वर्षांच्या हौसाताई. मार मात्र खरा. सोंग उघडं पडू नये म्हणून पठ्ठ्याने हात राखून मारलंच नाही, हे त्या पंच्याहत्तर वर्षांनंतरही तक्रारीच्या सुरात सांगत. दुसऱ्या वेळी पोर्तुगिजांच्या तुरुंगातल्या साथीदाराला सोडवायला त्या गोव्यात शिरल्या. अंबाड्यात चिठ्ठी खोचून तुरुंगात भेट घेतली आणि परतताना रात्री एका लाकडी पेटीवर पडून मांडवी ओलांडली.

दुसरे, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांच्या माणसांनी रुळांवर धोंडे रचून पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली. हातात कोयते, काठ्या आणि गावठी बॉम्ब. भाऊंना या प्रसंगाला कोणी लूट म्हटलं की राग यायचा. इंग्रजाने आमचे लुटलेले पैसे आम्ही परत आणले, हा त्यांचा मुद्दा. ही साक्ष पाच वर्षांच्या पोराची नव्हे. त्यांनी बेत रचलेला, माणसं निवडलेली, पैशाचं काय केलं ते ठाऊक असलेलं. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या, भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये. साईनाथ यांचं ‘द लास्ट हीरोज’ आलं त्याच वर्षाच्या अखेरीस. दोघांनाही ते हातात धरता आलं नाही.

सरकारदरबारी मात्र साक्ष चालत नाही, कागद चालतो. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२ साली, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. १९८० मध्ये उत्पन्नाची अट काढून त्याला सन्मान योजनेचं रूप दिलं. पण मूळ अट राहिली: सहा महिने तुरुंगवास, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन. किंवा सहा महिने भूमिगत, पण तेही नावाचं वॉरंट निघालेलं असेल किंवा डोक्यावर इनाम असेल तर. प्रतिसरकारसारख्या चळवळीत जो पकडला गेला नाही तो खरा कामाचा माणूस. नेमका त्याच्याकडे तुरुंगाचा दाखला नाही. रात्री डोक्यावर भाकऱ्यांची दुरडी घेऊन रानात जाणाऱ्या बाईचं वॉरंट कोणता इंग्रज अंमलदार काढणार होता?

कागद पक्का असला तर काय होतं, हे पाहायला पुन्हा अमेरिकेच्या यादवी युद्धाकडे जावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनाचा मोझ ट्रिप्लेट हा तरुण आधी दक्षिणेच्या फौजेत होता. आजारी पडून इस्पितळात गेला, तिथून पळाला आणि पुढे उत्तरेच्या फौजेत भरती झाला. उत्तर जिंकली, म्हणून मोझ पेन्शनीला पात्र ठरला. १९२४ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्याने त्याच्याहून पन्नासेक वर्षांनी लहान मुलीशी दुसरं लग्न केलं. १९३० मध्ये त्यांना आयरीन नावाची मुलगी झाली. मोझ १९३८ साली वारला. ही मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम, स्वतःचं पोट भरू न शकणारी, म्हणून कायद्याप्रमाणे बापाची पेन्शन तिच्या नावे लागली: महिना ७३ डॉलर १३ सेंट. लिंकनच्या फौजेतल्या त्या शिपायाच्या नोकरीचे पैसे अमेरिकन सरकार महिन्याच्या महिन्याला चुकते करत होतं. ३१ मे २०२० रोजी, नव्वदाव्या वर्षी, आयरीन ट्रिप्लेट शुश्रूषागृहात वारल्या आणि १८६५ साली संपलेल्या युद्धाचं पेन्शन खातं बंद झालं.